अर्ध्या गुणाचा गडी

‘मर्डरबॉल’ कसलीही घाई न करता सुरू होतो. डोक्याचा चकोट केलेला, हनुवटीवर बोकडदाढी राखलेला, अंगावर गोंदवून घेतलेला एक तरुण चाकांच्या खुर्चीत बसून कपडे बदलतो. लांब पँट काढायची आणि आखूड चढवायची, एवढंच काम. पाय आपणहून उठत नाही, म्हणून तो हातांनी उचलतो, कापड ओढतो, पाय पुन्हा जागेवर ठेवतो. मग दुसरा पाय. निवेदकाचा भारावलेला आवाज कुठेच नाही. जे काम आपण दार लोटून अर्ध्या मिनिटात उरकतो, त्याला जितका वेळ लागतो तितका वेळ कॅमेरा थांबतो.

आपल्याकडे अपंगत्वावरचा एखादा कार्यक्रम कसा सुरू होतो, ते आठवून पाहा. बासरी वाजते, डोंगराआडून सूर्य वर येतो आणि ‘पण नियतीच्या मनात काही वेगळंच होतं’ हे वाक्य पहिल्या दोन मिनिटांत येऊन जातं. शेवटी टाळ्या. बघणाऱ्याचे डोळे ओले होतात आणि त्या ओल्या डोळ्यांचं त्याला बरंही वाटतं. ‘मर्डरबॉल’ हे समाधान मिळू देत नाही. हेन्री अ‍ॅलेक्स रुबिन आणि डॅना अ‍ॅडम शॅपिरो या दोघांनी केलेला हा अमेरिकी माहितीपट २००५ साली आला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. विषय व्हीलचेअर रग्बीचा. अमेरिका आणि कॅनडा या दोन संघांचं हाडवैर, आणि ते घेऊन दोघांनी गाठलेलं २००४ चं अथेन्स पॅरालिम्पिक.

मी तो पाहिला तो माझ्या आतेभावाच्या घरी, धायरीला, त्याच्या लॅपटॉपवर. आतेभाऊ जुन्नरकडच्या गावी चिंचा पाडायला झाडावर चढला होता. फांदी मोडली आणि कमरेच्या वरचा मणका गेला. आता तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो, दुकानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटीची विवरणपत्रं भरून देतो. मार्च महिन्यात त्याला फोन केला तर रागावतो, इतकं काम असतं. सिनेमातला तो पँटचा प्रसंग मी गंभीर चेहरा करून बघत होते. हा मात्र भलतंच बघत होता.

“ताई, त्याच्या पँटची शिवण बघितलीस? जाड आहे. मला नाही चालणार.”

“का रे?”

“मागच्या खिशाचं बटण जरी रुतलं ना, तरी मला कळत नाही. आणि कळतं तेव्हा महिनाभर पालथं पडून राहायचं.”

मणका जिथे तुटतो त्याच्या खालचं अंग हलत नाही, एवढंच आपण धरून चालतो. ते दुखतही नाही, हे लक्षात येत नाही. दुखत नाही म्हणून माणूस कूस बदलत नाही, आणि एकाच जागी दाब पडून कातडीखालचं मांस मरायला लागतं. म्हणून दर थोड्या वेळानं आतेभाऊ दोन्ही हात खुर्चीच्या कडेवर रोवतो आणि अख्खं अंग उचलून क्षणभर अधांतरी धरतो. हे करताना त्याचं बोलणं थांबत नाही. समोरच्याला वाटतं, बसल्या बसल्या जरा सैल झाला. ते त्याचं दिवसभराचं औषध असतं.

खेळाकडे वळते. हा खेळ जन्मला कॅनडातल्या विनिपेगमध्ये, १९७६-७७ च्या सुमारास. मानेच्या मणक्याला इजा झालेल्या काही खेळाडूंनी तो रचला. चाकांच्या खुर्चीवरचं बास्केटबॉल तेव्हा रुळलेलं होतं, पण त्यात या मंडळींची डाळ शिजत नव्हती. बास्केटबॉलला बोटांची पकड लागते, चेंडू डोक्यावरून फेकावा लागतो. कंबरेखाली अधू असलेले खेळाडू ते करू शकत. मानेपासून खाली अधू असलेले बाकावर बसून राहत. ज्यांना अपंगांच्या खेळातही जागा नव्हती, त्यांनी आपला खेळ काढला. त्याचं पहिलं नाव मर्डरबॉल. प्रायोजकांना ते पचेना म्हणून पुढे व्हीलचेअर रग्बी झालं.

मैदान बास्केटबॉलचंच, २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. दोन्हीकडे चार-चार गडी. ८ मिनिटांचे चार डाव. व्हॉलीबॉलसारखा गोल चेंडू मांडीवर घेऊन प्रतिपक्षाच्या गोलरेषेवरून खुर्चीची दोन चाकं पार केली की एक गोल. चेंडू हाती आल्यावर १० सेकंदांच्या आत टप्पा पाडायचा किंवा दुसऱ्याकडे द्यायचा. ४० सेकंदांत गोल झाला पाहिजे, नाही तर चेंडू गेला. माणसानं माणसाच्या अंगाला लागायचं नाही. खुर्चीनं खुर्चीला धडकायला मात्र मोकळीक आहे, किंबहुना खेळ तोच आहे. खुर्चीची चाकं खाली फाकलेली, आरे झाकायला पत्र्याच्या गोल चकत्या, आणि त्या चकत्यांवर मागच्या सामन्यांचे पोचे. धडक बसली की खुर्ची माणसासकट उलटते. पट्ट्यांनी बांधलेला माणूस उताणा पडून छताकडे बघत राहतो, बाहेरून दोघं-तिघं येतात, त्याला खुर्चीसकट सरळ करतात, आणि तो पुन्हा चाकांना हात घालतो.

पहिली धडक बघितली तेव्हा माझा हात तोंडाशी गेला. आतेभाऊ खळखळून हसला. “अगं, मान मोडून झालीय त्यांची. आता आणि काय मोडणार?” मग जरा थांबून म्हणाला, “पण मला हे लोक घ्यायचे नाहीत.”

“तुला का नाही?”

“माझे हात धड आहेत. यांना निदान तीन अवयवांत दोष लागतो. हात चांगले म्हणून नापास झालेला मी पहिलाच असेन.”

तो म्हणाला ते बरोबर होतं. पण या खेळाची खरी गंमत पात्रतेच्या पुढच्या पायरीवर आहे. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराच्या कुवतीनुसार गुण दिलेले असतात. सर्वांत कमी कुवत असलेल्याला ०.५, मग १, मग १.५, असं करत सर्वांत जास्त कुवत असलेल्याला ३.५. आणि नियम असा, की मैदानावरच्या चौघांच्या गुणांची बेरीज ८ च्या वर जाता कामा नये. स्त्री आणि पुरुष एकाच संघात खेळतात. संघात स्त्री असली की बेरजेत अर्ध्या गुणाची सवलत.

आता हिशेब मांडून पाहा. ३.५ चे दोन तगडे गडी उतरवले की ७ गुण संपले. उरला एक गुण आणि दोन जागा. म्हणजे उरलेले दोघेही अर्ध्या गुणाचेच हवेत. ज्याच्या हातात जवळजवळ काही नाही, ज्याला खुर्ची ढकलायलाही तळव्याची कड वापरावी लागते, असा गडी सापडल्याशिवाय सर्वांत बलदंड दोघांना एकत्र खेळता येत नाही. आणि तो शोभेपुरता नसतो. त्याच्या खुर्चीला पुढे लोखंडी आकडा असतो. प्रतिपक्षाच्या ३.५ वाल्याच्या वाटेत तो खुर्ची आडवी घालतो, आकडा त्याच्या चाकात अडकवतो आणि त्याला जागच्या जागी खिळवून ठेवतो. धावफलकावर त्याच्या नावाचा एकही गोल लागत नाही. पण जाणकार प्रेक्षक चेंडूकडे न बघता त्याच्याकडे बघतात, कारण वाट मोकळी झाली ती त्यानं केलेली असते.

लहानपणी वाड्यात आम्ही लंगडी किंवा लपंडाव खेळायचो, तेव्हा कुणाचं तरी शेंबडं भावंड मागे लागायचं. मग मोठ्या मुली उदार होऊन म्हणायच्या, घ्या गं तिला, लिंबूटिंबू. लिंबूटिंबू धावायचा, ओरडायचा, घामाघूम व्हायचा. पण तो बाद व्हायचा नाही आणि त्याच्यावर राज्यही यायचं नाही. तो खेळात होता आणि नव्हताही. सगळ्यांना कळायचं, थोडा मोठा झाला की त्यालाही कळायचं, आणि मग तो रडत घरी जायचा. अपंग माणसाला आपण आपल्या खेळात घेतो ते बहुतेक वेळा असं. रांगेत पुढे जाऊ देतो, लग्नात आवर्जून चौकशी करतो, स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस देतो. त्याच्यावर राज्य मात्र येऊ देत नाही. या खेळानं लिंबूटिंबू ही सोयच रद्द केली. अर्ध्या गुणाचा गडी बाद होतो, चुकतो, सहकाऱ्यांच्या शिव्या खातो आणि पुढच्या डावात पुन्हा हवा असतो. हे कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेलं नाही. बेरीजच तशी बसवली आहे.

हे शरीर जवळून बघण्यासारखं असतं. मानेत सात मणके. त्यातला कोणता गेला यावर माणसाच्या वाट्याला काय उरतं ते ठरतं. साधारण सहाव्याच्या आसपास इजा झाली, तर मनगट वर उचलता येतं, पण बोटं मिटता येत नाहीत. तरीही हा माणूस पेला उचलतो. मनगट मागे वळवलं की स्नायूंच्या दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटं आपोआप आत वळतात. मनगट खाली सोडलं की उघडतात. शरीराची ही जुनी जोडणी आपल्याही हातात आहे, आपल्याला तिची गरज कधी पडली नाही एवढंच. रग्बीचे खेळाडू हातमोज्यांना चिकट द्रव्य लावतात, वरून पट्ट्या गुंडाळतात, आणि पकड नसलेल्या त्या हातांनी चाकं अशी मागे खेचतात की खुर्ची जागच्या जागी गिरकी घेते. आणखी एक गोष्ट टीव्हीवर कळत नाही. इजेच्या खाली घाम येत नाही. अंग तापतं ते तापतच जातं. म्हणून डाव थांबला की मदतनीस पिचकारीनं त्यांच्या तोंडावर, मानेवर पाणी मारतात. पुण्याचा एप्रिल आतेभाऊ मानेवर ओला पंचा टाकून काढतो. त्याचा मणका बराच खालचा. मानेचा असता तर पंच्यानं भागलं नसतं.

या खेळाडूंना थोर ठरवण्याच्या भानगडीत सिनेमा पडत नाही. ती माणसं भांडखोर आहेत, शेखी मिरवणारी आहेत, कधी कधी असह्य आहेत. जो सोरेस हा एके काळचा अमेरिकेचा अव्वल खेळाडू. लहानपणी पोलिओ झालेला. संघातून वगळल्यावर तो थेट कॅनडाचा प्रशिक्षक होतो आणि आपल्याच जुन्या संघाला हरवण्याचा ध्यास घेतो. घरी त्याचा मुलगा व्हायोला वाजवतो. बापाला खेळात रस असलेला मुलगा हवा होता. ते दोघंही जाणतात. मार्क झुपान हा तो पँट बदलणारा तरुण. मित्राच्या गाडीच्या मागच्या उघड्या भागात झोपला होता. मित्र दारू पिऊन गाडी चालवत होता, मागे कुणी आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. अपघातात झुपान कालव्यात फेकला गेला आणि एका फांदीला धरून तेरा-चौदा तास पाण्यात राहिला. तो मित्रही सिनेमात आहे. दोघांमधलं अवघडलेपण कॅमेरा झाकत नाही आणि गळाभेट घडवून मिटवतही नाही. शरीरसुखाबद्दल खेळाडू इतकं मोकळं बोलतात, की आतेभावानं लगबगीनं आवाज कमी केला. आतल्या खोलीत आत्या देवाचं म्हणत होती.

त्यांना तिटकारा एकाच गोष्टीचा आहे, आणि ती म्हणजे लाड. कुणी पाठीवर थोपटून ‘भाग घेतलात हेच मोठं’ म्हणालं की ही माणसं पिसाळतात. आम्ही पदकासाठी जातोय, कुरवाळून घ्यायला नाही, असा त्यांचा बाणा. आणि मग अथेन्समध्ये काय होतं? अमेरिका कॅनडाकडून हरते आणि तिला कांस्यावर समाधान मानावं लागतं. कॅनडालाही सुवर्ण मिळत नाही. ते न्यूझीलंड नेतं. ज्या दोन संघांच्या वैरावर आख्खा सिनेमा उभा आहे, ते दोघेही हरतात. धिप्पाड माणसं आईबापांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतात. ते रडणं अपंगत्वाचं नाही. सामना हरल्याचं आहे. मी अपंग माणसाला पडद्यावर रडताना खूपदा पाहिलं होतं, पण असं, नुसत्या खेळाडूसारखं रडताना तोवर पाहिलं नव्हतं.

हे सगळं दूर अमेरिकेत घडतं असं वाटू नये, म्हणून पुण्याची एक ओळख सांगते. विद्येचं माहेरघर, पेन्शनरांचं गाव, हे आपण सांगतच असतो. पण जखमी सैनिकांचंही हे शहर शंभर वर्षांपासून घर आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना हातचं काम शिकवण्यासाठी १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट खडकीत आहे. लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, वानवडीला. आणि मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं. आपण त्या रस्त्यानं रेंज हिल्सकडे जातो तेव्हा कुंपणाच्या आत एक असं वसतिगृह असतं, जिथे सगळेच खुर्चीवर आहेत. तिथले जवान खुर्चीवरचं बास्केटबॉल खेळतात. दार, मोरी, मैदान हे सगळं खुर्चीच्या मापानं बांधलं, की खुर्चीवरच्या माणसाचं दिसण्यासारखं वेगळेपण फारसं उरत नाही.

१९४४ हे साल या गोष्टीत तीनदा येतं. त्याच वर्षी इंग्लंडात स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याच्या जखमींचा विभाग सुरू केला. तोवर असे रुग्ण बहुधा दोन-तीन वर्षांत जात. मणक्यानं नव्हे, तर दाबाच्या जखमा आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानं. नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या या ज्यू डॉक्टरनं दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, हा साधा दंडक घातला. दुसरा दंडक खेळाचा. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर खुर्चीत बसलेल्या १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ ते.

आणि १९४४ च्याच नोव्हेंबरात सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरला मुरलीकांत पेटकर जन्मले. सैन्याच्या ईएमई या तांत्रिक दलात जवान, मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, त्यातली एक मणक्यात. मुंबईच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून पाण्यात उतरवलं आणि ते पोहू लागले. १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. त्या वर्षीची ऑलिम्पिक म्युनिकला झाली, पण पॅरालिम्पिक हायडेलबर्गला न्यावं लागलं. कारण ऐकण्यासारखं आहे. म्युनिकचं खेळाडूंचं गाव ऑलिम्पिक संपताच खासगी सदनिकांसाठी मोकळं करायचं ठरलं होतं. फ्लॅटचा ताबा आधी, अपंगांचे खेळ नंतर. पुणेकराला हे समजावून सांगावं लागू नये.

पेटकर पुढे पुण्यात राहिले, टेल्कोत नोकरी केली. १९७२ च्या सुवर्णाला पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, ४६ वर्षांनी. २०२४ च्या जूनमध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ आला. कबीर खानचं दिग्दर्शन, कार्तिक आर्यन नायक. चित्रपटाची चौकटच मुळी अर्जुन पुरस्कार न मिळालेल्या म्हाताऱ्या पेटकरांच्या तक्रारीची आहे. तो पुरस्कार त्यांना मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती.

‘चंदू चॅम्पियन’ मी आतेभावासोबत पाहिला. चित्रपटगृह नवं, चकचकीत, लिफ्ट होती, दारं रुंद होती. खुर्चीवाल्यांची जागा मात्र अगदी पहिल्या रांगेत, पडद्याच्या पायाशी. मागच्या सगळ्या रांगांना पायऱ्या. दोन तासांहून जास्त वेळ तो मान वर करून बसला. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा वाटला? म्हणाला, “छान आहे. पदक त्यांचं, पण मान माझी आखडली.”

सिनेमाला मी नावं ठेवत नाही. पेटकरांचं नाव घरोघरी गेलं ते त्याच्यामुळे, आणि हे काम एखाद्या माहितीपटाच्या आवाक्यातलं नव्हतं. पण दोन्ही सिनेमे मनात शेजारी ठेवले की फरक कळतो. एकात माणूस सगळ्या अडथळ्यांवर मात करतो आणि आपण उभं राहून टाळ्या वाजवतो. अडथळे होते तिथेच राहतात. दुसऱ्यात माणसं अडथळ्यांच्या भानगडीत न पडता आपल्या मापाचा खेळ आणि आपल्या मापाची खुर्ची बनवतात, मग त्या खेळात यथेच्छ हरतात-जिंकतात. पहिल्यात आपल्याला नायक लागतो. दुसऱ्यात नियम लागतो.

आपल्या शहरात नायकांची वानवा नाही. आटपाडीजवळच्या करगणीचा सचिन खिलारी पुण्यात घडला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यानं १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. त्या पॅरिसमधून भारतानं २९ पदकं आणली. रग्बीत मात्र आपला संघ पॅरालिम्पिकपर्यंत अजून पोचलेला नाही. देशात हा खेळ खेळला जातो, राज्यांचे संघ उतरतात, पण सामन्याच्या एकेका खुर्चीची किंमत लाखांत, आणि घरापासून मैदानापर्यंत खुर्चीनं पोचणं हीच एक स्पर्धा. पॅरिसचं सुवर्ण जपाननं नेलं. त्यांच्या संघात काए कुराहाशी ही महिला खेळाडूही होती.

जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद झाला तेव्हा आतेभाऊ मुद्दाम तिथे गेला होता. खूश होऊन आला. मग शहरभर पदपथांच्या तोंडाशी खांब उभे राहिले. दुचाकीवाले पदपथावर घुसू नयेत म्हणून हे खांब. हेतू रास्त आहे, आपले दुचाकीवाले काय चीज आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. पण कित्येक ठिकाणी दोन खांबांमधून स्कूटर वाकडीतिकडी करून निघते आणि खुर्ची अडकते. मेट्रोच्या स्टेशनात लिफ्ट आहे, गाडीत खुर्चीसाठी जागा आहे. माणूस जमिनीपासून वीस-पंचवीस फूट उंच सुखानं प्रवास करतो आणि खाली उतरल्यावर सहा इंचांच्या कडेपाशी थांबतो. त्या कडेपाशी कुणीतरी भला माणूस भेटतोच. “थांबा काका, उचलतो,” म्हणून खुर्चीला हात घालतो. पुण्यात अशी माणसं अजून आहेत, त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण दिवसातून चारदा अनोळखी हातांनी उचललं जाणं म्हणजे काय, ते उचलणाऱ्याला कळत नाही. आतेभाऊ त्या वेळी हसून आभार मानतो आणि घरी आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलत नाही.

कायदा आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो, की असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सर्वांना वापरता येतील अशा करायच्या. नियम आले जून २०१७ मध्ये. म्हणजे मुदत २०२२ मध्ये संपली. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्यानं याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं होतं ते २००५ साली, ‘मर्डरबॉल’ आला त्याच वर्षी. ८ नोव्हेंबर २०२४ ला तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं निकाल देताना नेमकं वर्मावर बोट ठेवलं. कायद्यात सक्ती आहे, पण त्याखाली केलेले नियम नुसत्या मार्गदर्शक सूचनांसारखे आहेत. ज्यात सूट देता येणार नाही असे किमान नियम तीन महिन्यांत करा. न्यायालयाला एकोणीस वर्षांनी जे सांगावं लागलं, ते व्हीलचेअर रग्बीनं केव्हाच ओळखलं होतं. जागा सूचनेनं मिळत नाही. ती हिशेबात धरावी लागते.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ लिहून आपल्याला हे जग मराठीत दाखवलं. त्यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली, ती खुर्चीवरच्या माणसांच्या शिक्षणाचं आणि हाताला कामाचं बघण्यासाठी. म्हणजे हा विचार आपल्याकडे नवा नाही. तो सोसायटीच्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर येत नाही, एवढीच अडचण आहे. तिथे पार्किंग असतं, पाण्याचे टँकर असतात, गणपतीची वर्गणी असते. प्रवेशदाराच्या तीन पायऱ्यांशेजारी उतार घालायचा विषय कुणी काढला तर विचारतात, आपल्याकडे खुर्चीवर आहे कोण? खुर्चीवर कुणी नाही, कारण पायऱ्या आहेत. खुर्चीवरचं कुटुंब तुमच्या सोसायटीत घर बघायला आलं होतं आणि गेटवरूनच परत गेलं. शिवाय गुडघे सगळ्यांचेच म्हातारे व्हायचे आहेत.

तेव्हा ‘मर्डरबॉल’ मिळाला तर जरूर बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. येत्या वार्षिक सभेत उताराचा विषय लेखी द्या आणि ठरावात तारीख घालून घ्या. आणि तुमच्या मंडळात, शाळेत, रोटरीत एखाद्या अपंग खेळाडूचा सत्कार ठरला असेल, तर शाल आणायला जाण्याआधी व्यासपीठ बघून या. त्याला पायऱ्या असतील तर आधी सुताराला बोलवा.